अपघाताविना तीनशे एकसष्ट दिवस

आमच्या लाँड्रीत माणसांचे कपडे येत नाहीत. हॉटेलांच्या चादरी येतात, दवाखान्यांचे अभ्रे येतात, टॉवेलांचे ढीग येतात, आणि रोज येतात. जगात कुणी ना कुणी रोज परक्या गादीवर झोपतं आणि सकाळी उठून चालू लागतं. मागचं निस्तरायला आम्ही. वडिलांनी हा धंदा काढला तेव्हा ते म्हणाले होते, लोकांचं मळवणं काही थांबायचं नाही, म्हणजे आपण उपाशी मरायचे नाही. ते खरं ठरलं. पण मग आपल्यालाही कधी थांबता येणार नाही, एवढं मात्र त्यांनी सांगितलं नाही. तीस वर्षांत मी सलग दोन दिवस घरी बसल्याचं मला आठवत नाही. ताप आला तेव्हासुद्धा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून टॉवेल मोजले आहेत.

माझ्याकडे सात माणसं. खाली धुलाईची तीन यंत्रं, मधे मळके कपडे निवडायचं लांबलचक टेबल, आणि पलीकडच्या भिंतीला रोलर. दोन बायका हात पसरून शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढा लांब, वाफेने तापवलेला लोखंडी दंडगोल. ओली चादर दोघींनी ताणून त्याच्या तोंडाशी धरायची, तो ती ओढून घेतो, आणि पलीकडून ती कोरडी, कडक होऊन निघते. तिथे घडीवाली उभी. रोलरच्या तोंडावर एक दांडी आहे, तिला हात लागला की तो थांबतो. थांबतो म्हणजे थांबायला क्षणभर घेतो, आणि चटका बसायला तेवढा पुरतो.

रोलरवर एकोणीस वर्षं मावशी. माझ्या कुणी मावशी नव्हेत त्या, वयाने माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या. पहिल्या दिवशी कुणीतरी मावशी म्हणालं आणि तेच चिकटलं. घरी नवरा, त्याची नजर जवळजवळ गेलेली, आणि कमावणाऱ्या त्या एकट्याच. बोलायला कमी, कामाला वाघ. चादरीला सुरकुती राहिली तर त्या ती परत ओली करून घालत. हॉटेलवाल्याला दिसली नसती तरी.

आता विम्याची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. पाच वर्षांपूर्वी आमच्या ओल्या फरशीवरून एक जण घसरून पडला, गुडघ्याची वाटी फुटली. कामगारांचा विमा होता, त्याला उपचार मिळाले, बसल्या दिवसांचा पगार मिळाला, सगळं रीतसर झालं. पुढच्या वर्षी माझा हप्ता जवळजवळ दुप्पट. विमा कंपनीत विचारायला गेले तर तिथला माणूस मला समजावून सांगतो, "बाई, तुमच्याकडे सात माणसं. त्यातला एक पडला, म्हणजे सातातला एक." सातशेंच्या कारखान्यात एक पडला तर कंपनीची पापणी लवत नाही. आम्ही लहान, म्हणून आमच्या माणसांनी पडायचंसुद्धा नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

त्याच माणसाने, मी फारच चिडले तेव्हा, हळूच सांगितलं, की एकाच धंद्यातली लहान दुकानं एकत्र आली तर कंपनी त्यांना एक धरते. हप्ता सगळ्यांचा मिळून ठरतो, म्हणून कमी बसतो. एखाद्याकडे काही झालं तर त्याचा भार सगळ्यांत वाटला जातो आणि कुणालाच जाणवत नाही. मी सहा महिने चपला झिजवल्या. एकेका लाँड्रीत जाऊन वाफेत उभी राहून तीच पोपटपंची केली. शेवटी अकरा दुकानं जमली, शहाऐंशी माणसं. सगळ्यांत शेवटी आला तो माझा सख्खा थोरला भाऊ, दादा. वडिलांच्या मागे आम्ही दोघांनी एकेक दुकान न भांडता वाटून घेतलं आणि भांडणं नंतर केली. तो म्हणाला, "दुसऱ्याचा माणूस पडला तर मी का भरू?" मी म्हटलं, "तुझा पडेल तेव्हा आम्ही भरू म्हणून." हे त्याला कळायला महिना लागला.

गटाचा हप्ता पहिल्याच वर्षी एक तृतीयांशाने उतरला. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आम्ही चिटणीस म्हणून नेमले. प्रत्येक गोष्टीला ते अमुक कलम, तमुक पोटकलम सांगत, म्हणून त्यांच्या माघारी सगळे त्यांना पोटकलमच म्हणत. ते दर महिन्याला एकेका दुकानात जाऊन फरशी पाहत, तारा पाहत, रोलरची दांडी दाबून बघत. सगळं छान चाललं होतं. इथे थांबले असते तर बरं झालं असतं.

पण मला कल्पना सुचली. प्रत्येक दुकानात एक फळा लावायचा, त्यावर रोज खडूने लिहायचं: अपघाताविना इतके दिवस. आणि ज्या दुकानात तीनशे पासष्ट भरतील त्या दुकानाला चार दिवस पूर्ण रजा, भरपगारी. त्या चार दिवसांतल्या त्याच्या चादरी बाकीच्या दहा दुकानांनी वाटून धुवायच्या. बैठकीत टाळ्या वाजल्या. पैशाचं बक्षीस कुणीही देतं, पण लाँड्रीवाल्यांना चार दिवस म्हणजे काय हे लाँड्रीवाल्यांनाच कळतं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

गेल्या वर्षी आमचा आकडा चढत गेला. तीनशेच्या पुढे गेल्यावर लाँड्रीतलं बोलणंच बदललं. घडीवालीला बहिणीचं बाळ बघायला जायचं होतं, ते बाळ आता चालायला लागलं होतं. गाडीवाला म्हणायचा, मी चार दिवस अंथरुणातून उठणार नाही, मेलो म्हणून सांगा. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, हिशेबाचं राहिलेलं काम करीन. ती थाप होती. मला झोपायचं होतं. स्वतःच्या चादरीवर, दार लावून, कुणी हाक मारणार नाही अशी झोप. पन्नाशी उलटलेल्या बाईने एवढ्याशा गोष्टीसाठी आकडे मोजावेत याची लाज वाटायची, पण मोजत होते.

तीनशे एकसष्टाव्या दिवशी सकाळी मावशी निवडायच्या टेबलापाशी खाली बसल्या आणि मळक्या अभ्र्यांच्या ढिगावर त्यांनी डोकं टेकवलं. मी हात लावला तर अंग भट्टीसारखं. उजव्या हातात लाल रबरी मोजा होता. नऊ दिवसांपासून तो मोजा त्यांच्या हातात होता. मी एकदा विचारलं होतं, त्या म्हणाल्या होत्या, साबणाने हात फुटलेत. आणि मी बरं म्हणून पुढे गेले होते.

मोजा सहज निघेना. घडीवालीने कात्रीने कापला, आणि वास आला तशी ती तोंड फिरवून भिंतीकडे गेली. हात मनगटापर्यंत सुजलेला, मागच्या बाजूला चटक्याचा रुंद पट्टा, आणि करंगळी काळी पडलेली. मावशींना साखरेचा आजार आहे हे मला ठाऊक होतं. त्यांच्या जखमा लवकर भरत नाहीत हेही ठाऊक होतं.

गाडीवाल्याने गाडीतली गाठोडी ढकलून जागा केली, आणि आम्ही त्यांना स्वच्छ टॉवेलांवर निजवून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होती, तिच्याही डोळ्यांखाली आमच्यासारखीच काळी वर्तुळं. तिने विचारलं, "कधी भाजलं?"

"घरी," मावशी म्हणाल्या. "गरम पाणी सांडलं."

"मी कधी विचारलं, कुठे नाही."

"झाले दोन दिवस."

डॉक्टर पट्ट्याकडे बघत म्हणाली, "गरम पाणी इतक्या सरळ रेषेत सांडत नाही, आजी." मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी मावशींच्या पायांवरचा टॉवेल सारखा केला. तिने खांदे उडवले आणि कागदावर लिहिलं: घरी.

बाहेर व्हरांड्यात घडीवाली रडत होती. मी तिला विचारायच्या आधीच ती सांगू लागली. रोलर हाताचा मोजा ओढत गेला, दांडी दाबली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. दुपारी तीनला. "आम्हा सगळ्यांना माहीत होतं, बाई. आम्ही म्हणत होतो दवाखान्यात चला. मावशीच ऐकेनात. म्हणाल्या, तेराच दिवस राहिलेत, काढू कसेतरी. माझ्यामुळे कुणाची रजा बुडायला नको. मग आम्हीपण..." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिच्यावर रागावण्याचा हक्क आपल्याला नाही, हे मला त्याच वेळी कळत होतं, पण कबूल करायला मी आणखी एक दिवस घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी करंगळी काढली, मुळापासून. शेजारच्या बोटाचं काय होतं ते महिन्याभराने कळेल म्हणाले. रोलरवर उभं राहायला निदान सहा महिने लागतील, आणि तेव्हासुद्धा चादर ताणता येईलच असं नाही.

दादा आला तो फळांची पिशवी घेऊन. मावशी गुंगीत होत्या. त्याने पिशवी खाली ठेवली आणि मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

"कागदावर घरी लिहिलंय ना?"

"लिहिलंय."

"मग राहू दे तसंच. आपण अकरा दुकानं वर्गणी काढू. दवाखान्याचं बिल मी बघतो."

"आणि सहा महिने घर कसं चालायचं त्यांचं? गेलेल्या बोटाचं काय? विम्यातून उपचार मिळतील, पगाराचा दोन तृतीयांश मिळेल, बोटाची भरपाई मिळेल. तुझी वर्गणी पहिल्या महिन्यात संपेल, आणि दुसऱ्या महिन्यात सगळे मावशींना बघून रस्ता बदलतील."

"अगं, कळवायची मुदत सात दिवसांची. ती उलटून गेली. आता कळवलंस तर कंपनी विचारणार, इतके दिवस का लपवलं? मग ती एकट्या तुझ्या दुकानात थांबेल का? अकराही दुकानं खालीवर करेल." तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "माझ्याकडे या वर्षी दोघांचं झालंय. एकाच्या पायावर ड्रम पडला. दुसऱ्याचं खांद्याचं. दोघांनीही घरी झालं म्हणून सांगितलं, मी मलम आणून दिलं. आणि मी एकटा नाही. सगळ्यांकडे झालंय. तुला काय वाटलं, तुझ्या फळ्यामुळे लोकांचं पडणं बंद झालं?"

मला खरंच तसं वाटलं होतं. बैठकीत मी छाती पुढे काढून सांगायची, फळे लावल्यापासून अकरा दुकानांत फक्त एक अपघात. मी भिंतीला टेकले. आपण किती मूर्ख आहोत हे कळायला माणसाला इतकं दमावं का लागतं, कोण जाणे.

"दादा, तुझ्या दोघांचं तू बघ," मी म्हणाले. "मी माझं बघते."

दुपारी मावशी शुद्धीवर आल्या. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग छताकडे. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "बाई, फळा पुसला नाही ना?"

"मावशी, बोट गेलंय तुमचं."

"गेलं ते गेलं. आता फळा पुसून ते उगवणार आहे का? पोरींची रजा तेवढी जायची. घरीच म्हणा. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"सहा महिने घरी बसावं लागेल. खाल काय दोघं?"

त्या डाव्या हाताने चादरीची कड चाचपत राहिल्या. ती चादर आमच्याकडचीच होती, कोपऱ्यावर आमचा निळा शिक्का होता. मग म्हणाल्या, "तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. मला आता झोप येतेय."

मी तिथून थेट गटाच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे एका जिन्याखालची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि पोटकलम. मी त्यांना सगळं सांगितलं, फक्त माझं सोडून. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि पहिल्यांदाच कलम न सांगता म्हणाले, "अहो ताई, शहाऐंशी माणसांत एक दावा म्हणजे काहीच नाही. त्याच दिवशी कळवलं असतंत तर कुणाच्या हप्त्यात दमडीचा फरक पडला नसता. गट असतो कशाला?"

गट असतो कशाला, हे ज्या बाईने अकरा दुकानांत जाऊन सांगितलं तिलाच ते ऐकवत होते. एक पडला तर बाकीच्यांनी सावरावं म्हणून मी गट बांधला, आणि कुणी पडूच नये म्हणून त्यावर फळा टांगला. मी मान खाली घालून बसले.

त्यांनी छापील अर्ज काढला. नाव, वय, काम, कुठल्या यंत्रावर, कुठला हात. भराभर लिहीत गेले आणि मग थांबले. "आता हे बघा. सात दिवसांत कळवलं नसेल तर कंपनी दावा नाकारू शकते. कामगाराने मालकापासून लपवलं असेल तर नाकारतेच. मालकाला कळलं होतं आणि त्याने पुढे कळवलं नाही, असं असेल तर मात्र कामगाराचा दावा टिकतो. दंड मालकाला, आणि आपल्या नियमाप्रमाणे ते दुकान दोन वर्षं गटाबाहेर. तेव्हा नीट आठवून सांगा. तुम्हाला कधी कळलं?"

मला आठवावं लागलं नाही. त्या दिवशी दुपारी मी वरच्या खोलीतून खाली येत होते. हातात एका हॉटेलची चिठ्ठी होती, चाळीस चादरी जास्त पाठवा म्हणून. जिना अर्धा उतरले आणि समोर मोरीपाशी मावशी दिसल्या. रोलर थांबलेला. नळ पूर्ण सोडलेला, उजवा हात त्याखाली, आणि डाव्या हाताने त्यांनी पाइप घट्ट धरलेला. त्यांनी मान वळवली. मी तोंड फिरवलं आणि वर निघून गेले.

एवढंच. कानाडोळा करायला किती वेळ लागतो? तेवढ्यात माझ्या डोक्यात सगळं येऊन गेलं, अर्ज, पोटकलमांची फेरी, दादाचे टोमणे, फळ्यावरचं शून्य. पण सगळ्यांत आधी आली ती झोप. माझी चार दिवसांची झोप. वर जाऊन मी खुर्चीत बसले आणि स्वतःला सांगितलं, हात धूत असतील. लाल मोजा दिसला तेव्हा सांगितलं, साबणाने फुटले असतील. नऊ दिवस सांगत राहिले. मन मोठं समजूतदार असतं, आपण सांगू ते ऐकतं.

"त्याच दिवशी," मी म्हणाले.

पोटकलमांनी पेन खाली ठेवलं. "ताई, मी काय सांगितलं ते कळलं ना तुम्हाला? तुम्ही त्यांच्यासाठी करताय हे मला समजतंय, पण..."

"मी कुणासाठी काही करत नाहीये. खरं ते सांगतेय. लिहा."

त्यांनी लिहिलं. पण लिहिताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशा नजरेने त्यांनी याआधी कधी पाहिलं नव्हतं. दरवाजापर्यंत सोडायला आले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की तुम्हाला वाटतं तसं नाहीये हो. नाही सांगितलं. थकले होते, हे एक कारण. दुसरं कारण, ती नजर बरी वाटली.

परत आले आणि सगळ्यांसमोर फळा पुसला. घडीवालीने एक टॉवेल तीन वेळा उलगडला आणि तीन वेळा त्याची घडी केली.

पुढे सगळं कागदाच्या वेगाने झालं. कंपनीचा तपासनीस आला, त्याने रोलरची दांडी दाबून घड्याळ लावलं, रोलर थांबायला हवा त्यापेक्षा उशिरा थांबतो असं लिहिलं आणि आठवड्यात दांडी बदलायला सांगितली. माझ्यावर दंड बसला. दोन वर्षं गटाबाहेर. मी उभा केलेला गट, त्याच्या बैठकीत माझी खुर्ची दुसऱ्याला गेली. हप्ता पुन्हा पूर्वीच्या जागी जाऊन बसला, सातातला एक. दादाच्या दुकानात तपासनीस गेलाच. पण त्याच्या आदल्या दिवशी दादाने स्वतःहून त्या दोघांचे अर्ज भरले होते. मला त्याने ते सांगितलं नाही, पोटकलमांकडून कळलं. आणि बाकीच्या दुकानांनीही एकेक करून फळे उतरवले.

मावशींचा दावा मान्य झाला. उपचार, पगाराचा हिस्सा, बोटाची भरपाई, सगळं.

आणि मग ती अफवा पसरली. कुणी पसरवली ते पोटकलमांना विचारायला नको. बाईंना काहीच ठाऊक नव्हतं, पण मावशींचा दावा बुडू नये म्हणून त्यांनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं, खोटं बोलून स्वतःचं दुकान गटाबाहेर काढून घेतलं. आठवडाभर माझ्याशी तुटक बोलणारी माझी माणसं अचानक मऊ झाली. गाडीवाल्याने न सांगता मोरीवरचा गळका नळ दुरुस्त केला. घडीवाली डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "तुमच्यासारखी मालकीण मिळायला नशीब लागतं." दादा एकदा संध्याकाळी आला, चहा घेतला आणि उठताना म्हणाला, "वेडी आहेस तू. आईवर गेलीस."

आमची आई कुणासाठीही जीव टाकायची, म्हणून ते म्हणाला तो. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शिव्या खायची तयारी असते माणसाची, पण हे कसं सोसायचं ते कुणी शिकवत नाही. दीड महिना मी ते सोसलं. रोज थोडं जास्त जड.

शेवटी एका सुट्टीच्या दुपारी मावशींच्या घरी गेले. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, पलंग, खिडकीशी एक खुर्ची. नवऱ्याने चाचपडत दार उघडलं, आवाजावरून ओळखलं आणि लगबगीने खुर्ची पुढे केली. म्हणाला, "तुमचे उपकार आहेत बाई आमच्यावर." मावशींनी त्याला शेजारी पाठवलं, काहीतरी आणायच्या निमित्ताने. त्यांचा हात मांडीवर होता, चार बोटांचा, त्यातलं एक अजून वाकत नव्हतं.

मी इकडचं तिकडचं काही बोलले नाही. बोलले असते तर तसंच उठून परत आले असते. म्हटलं, "मावशी, लोक म्हणतात मी तुमच्यासाठी खोटं सांगितलं. ते खोटं नव्हतं. मी जिन्यात होते. मी तुम्हाला नळाखाली हात धरलेलं पाहिलं होतं."

"मला माहीत आहे," मावशी म्हणाल्या.

"माहीत आहे?"

"मीपण बघितलं ना तुम्हाला. हातात चिठ्ठी होती तुमच्या."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती. मावशी त्या आवाजाकडे कान देऊन बसल्या होत्या.

"मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत? सगळे माझे गोडवे गाताहेत, आणि तुम्ही ऐकून घेताय."

"काय बोलू? दावा मिळाला. आता कशाला उकरायचं?" मग, कुणी रस्ता विचारल्यावर सांगावा तशा साध्या आवाजात म्हणाल्या, "पोरी दवाखान्यात चला म्हणत होत्या तेव्हा मी रजेचं कारण सांगून नको-नको करत होते, पण मनातून ठरवलं होतं, नळ बंद करायचा आणि वर जाऊन तुम्हाला सांगायचं. फार दुखत होतं हो. तेवढ्यात तुम्ही दिसलात. वाटलं, बरं झालं, बाईच आल्या, आता आपल्याला जिना चढायला नको. आणि तुम्ही मागे फिरलात. मग म्हटलं, बाईंनाही चार दिवस हवेच आहेत. दमल्यात बिचाऱ्या."

त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर मी पाय धरले असते. त्या रागावल्या नव्हत्या. एकोणीस वर्षं त्या माझ्या चादरींच्या सुरकुत्या काढत आल्या होत्या, आणि त्या दुपारी, हात भाजलेला असताना, त्यांना माझी दया आली होती.